कोरा स्टॅम्प पेपर

योगेश्वरी टेंभरेला वाटायचं, कायदा म्हणजे शिक्का. बिरसीच्या धानवाल्या पवार घरातली पोर, जमिनीचे कागद ट्रंकेत जपणाऱ्यांची. तिला दुसरं काय वाटणार? गोंदियाला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. २००९ साल. सामाजिक न्यायाचा पेपर होता आणि त्यासाठी कॉलेजनं मुलांना जंगलपट्टीत धाडलं होतं, वनहक्काचे दावे भरून द्यायला.

तिच्या वाट्याला दरेकशापलीकडची गीताबाई आली. एकटी विधवा, जंगलाला लागून दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, नावावर काहीच नाही. तिची जात आदिवासींच्या यादीत नव्हती, म्हणून कुटुंब तीन पिढ्यांपासून, पंचाहत्तर वर्षं तिथंच आहे, हे सिद्ध करणं भाग होतं. आता सरकारी कागद कुठून आणायचा? होता तो गावातला एकच साक्षीदार, केशोराव. नव्वदीचा म्हातारा, पण डोकं कसं लख्ख!

खाटेवर बसून त्यानं सगळं सांगितलं. "हिच्या आजेसासऱ्यानं ते बोडी खोदली. मी दहा वर्साचा असन. टोपल्यानं माती मीच वाहिली ना!" बोडी म्हणजे शेततळं, आजही भरलेली. सांगून झालं तसा म्हातारा म्हणाला, "लिवून घे ना पोरी. तुह्या हातात पेन हाये ना?"

"असं नाही चालत बाबा," योगेश्वरी ऐटीत म्हणाली. "स्टॅम्प पेपर लागते. परीक्षा झाली की घेऊन येतो."

"काऊन? मी खोटं बोलून राहिलो का?"

ती हसली. वही मिटली, पिशवीत टाकली आणि पॅसेंजर गाठायला निघाली. अगं बाई, दोन ओळी खरडायला काय जात होतं तुझं?

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, वनहक्काचे पुरावे कोणते? ती भराभर लिहीत गेली. गावातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तरी तो पुरावा. पाठ केलेलंच होतं सगळं, आणि त्यात स्टॅम्पचा शब्दही नव्हता. तिचा हात थांबला. वर्गावरच्या बाई विचारत होत्या, बरं नाही का म्हणून.

तरीही ती स्टॅम्प पेपर घेऊनच गेली, सवय कुठं सुटते. केशोरावच्या अंगणात खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. म्हातारा जाऊन चार दिवस झाले होते.

गीताबाई म्हणाली, "तू ऐकलंस ना? मंग लिही. अंगठा कोनाचाबी लावू." योगेश्वरीचा हात खरंच कागदाकडे गेला होता. पण नाही केलं तिनं. स्टॅम्प पेपर कोराच ठेवून वहीच्या पानावर स्वतःच्या नावानं लिहिलं, केशोरावनं मला असं सांगितलं आणि मी मूर्खपणानं तेव्हा लिहून घेतलं नाही. दावे तपासणाऱ्या वरच्या समितीनं दावा फेटाळला. मेलेल्या माणसाचं ऐकीव म्हणे.

सामाजिक न्यायाच्या पेपरात ती कॉलेजात पहिली आली. घरात पेढे वाटले. तिनं एकही खाल्ला नाही.

आता ती गोंदियाच्या कोर्टात वकिली करते. पक्षकार बोलायला लागला की हाताला येईल त्यावर लिहिते, लग्नपत्रिकेच्या पाठीवरसुद्धा. लोक हसतात, वकीलबाईला लिहायचं वेड आहे म्हणतात. हसोत बापडे. कुणी बोलून गप्प झालं की तिला तो म्हातारा ऐकू येतो, भरदिवसा, भरल्या कचेरीत. लिवून घे ना पोरी. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही.

परवा गीताबाई आली. वाकली होती, पॅसेंजरनं एकटीच आली. टेबलाच्या काचेखाली तो कोरा स्टॅम्प पेपर होता, त्याच्याकडे बघत राहिली. काय आहे ते तिला सांगावं लागलं नाही.

"बांध्या अजून मीच कसून राहिलो," ती म्हणाली. "पुन्हा दावा टाकता येते म्हनतेत. सासऱ्यापासूनचं मले ठाऊक हाये, तेवढं सांगतो."

"सांगा मावशी. चहा मागवू आधी?"

"चहा मागून. मले बी आता दम लागते," गीताबाई म्हणाली. "पयले लिवून घे."

योगेश्वरीनं साधा कागद ओढला.