सोनी अक्काचं गाठोडं

सोनीबाईला कुणी वय विचारलं की ती कापसाचं माप सांगायची. काल किती वेचला, परवा किती वेचला, आणि शेजारच्या सरीतल्या उषाएवढाच कसा भरला, हे सगळं ओघाने यायचं. उषा तिच्या नातीच्या वयाची. तेव्हा ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर तिचं घर. नवरा खेमा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा विक्रम पोरंबाळं घेऊन तिच्याजवळच राहायचा, आणि 'आई, आता घरी बस' हे त्याचं दर हंगामाचं पालुपद. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं. काट्यावर जेव्हा मी कमी भरेन, तेव्हा आपण होऊन बसेन. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. आणि हे नुसतं तोंडदेखलं नव्हतं. घरी बसून सुनेच्या हातचं खाणं तिच्या जिवावर यायचं.

पाड्यावरच्या बायकांची वेचणीची टोळी तिनेच बांधली होती. पूर्वी बायका पहाटे उठून पायी शेतं गाठायच्या आणि अंधारात पायीच परतायच्या. सोनीबाईने एका वर्षी शेतमालकांना सरळ सांगितलं की गाडी असेल तर टोळी येईल, प्यायला स्वच्छ पाणी असेल तर येईल, नाहीतर कापूस बोंडात राहू द्या. मालक आधी हसले, मग चिडले, मग गाडी धाडायला लागले. मजुरी मात्र वजनावर आणि जिचं गाठोडं तिचं माप, हे तसंच राहिलं.

मधे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. बोंडं दिसेनात, कवचाची टोकं बोटांत घुसायला लागली आणि माप घसरलं. सोनीबाईची झोप उडाली. मग धुळ्याला शिबिरात ऑपरेशन झालं, आणि काय सांगावं, पुढच्या हंगामात तिचं गाठोडं पुन्हा पहिल्यासारखं भरायला लागलं. त्या डॉक्टरचे गोडवे गाताना तिचं तोंड दुखत नसे. 'डॉक्टर नही, देव शे,' ती भेटेल त्याला सांगायची. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली सीताफळांची पाटी डॉक्टरपर्यंत पोचली की कंडक्टरच्या घरी, ते कुणास ठाऊक.

टोळीत एक रीत होती. दिवस कलला की बायका आपापली गाठोडी बांधायला घ्यायच्या, आणि टोळीतली सगळ्यांत मोठी बाई शेतमालकाला काट्यावर बोलवायला जायची. मोठेपणाचा तो मान सोनीबाईचा. ती आपलं गाठोडं बांधावर सोडून ऐटीत निघायची आणि मालकाला घेऊनच परतायची.

या वर्षी सुकदेव आबाच्या शेतात ऐन वेचणी चालू असताना सारिका आली. शेतमजुरांचं काम आणि मजुरी यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची ही मुलगी, धुळ्याची. पोरगी गोड होती, पण प्रश्न संपत नव्हते. पाणी मिळतं का, सावलीला जागा आहे का, अंग मोडून आलं तर सुट्टी मागता येते का, कामावर मान मिळतो का. शेवटच्या प्रश्नावर सोनीबाई म्हणाली, "मान काटावर दिखस, बाई. संध्याकायले देख."

पण सारिका संध्याकाळपर्यंत थांबणार नव्हती. सकाळच्या गारव्यात किती वेचणी होते आणि उन्हात किती, हे तिला वेगवेगळं हवं होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने आपला लटकता काटा कडुनिंबाच्या फांदीला अडकवला. टोळीतली रूपा घाईघाईने म्हणाली की आत्ता कशाला, संध्याकाळी मोजा ना. उषा तर जेवण टाकून उठलीच. सोनीबाईने मात्र सगळ्यांना बाजूला सारलं आणि आपलं फडकं पहिलं पुढे केलं.

तिचं झाल्यावर उषाचं लागलं. सोनीबाईचा कापूस उषाच्या निम्माही नव्हता.

"तुना काटा खराब शे," सोनीबाई म्हणाली. सारिकाने काटा तपासून पुन्हा लावला. तेवढंच भरलं. सोनीबाईने वळून बायकांकडे पाहिलं. कुणी भाकरीकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे. एवढ्या बायका एकदम गप्प बसलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या, आणि तिला कळलं.

"कवापासून?" तिने विचारलं.

रूपाने शेवटी तोंड उघडलं. "ऑपरेशन व्हयनं तवयपासून, अक्का. तू आबाले बलावाले जास, तवय आम्ही बठ्ठ्या जनी तुना गाठोडामा ओंजया भरी भरी टाकतस."

डोळे चांगले झाले होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण कंबर आणि बोटं थकली होती, त्यांचं ऑपरेशन कुणी केलं नव्हतं. सोनीबाई उठली, पदर झटकला आणि एकटीच रस्त्याकडे निघाली. आपल्याला भीक घातली गेली, असंच तिला वाटलं. आता घरी जायचं, विक्रमला सांगायचं की बसले बाबा, आणि विषय मिटवायचा.

बांधापर्यंत उषा मागे धावली. "आम्हले पायी जानं पडत नही, ते तुनामुये," ती म्हणाली. "मना पोटमा पोऱ्या व्हता, तवय गाडी नसती ते मी काय करती? आम्ही काही भीक नही दिधी, अक्का."

सोनीबाई परत फिरली. दुपारभर ती वेचत राहिली, आणि वेचता वेचता तिच्या डोळ्यांपुढे एकेक ओंजळ यायला लागली. रूपाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. उषा तान्ह्याला झोळीत टाकून उन्हात वाकायची. आपल्या पोटाला चिमटा घेऊन या पोरींनी तिला काट्यावर ताठ उभं केलं होतं, आणि ती धुळ्याच्या डॉक्टरला देव म्हणत गावभर फिरत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग ऊर इतका भरून आला की तिने सरीतच बसकण मारली.

दिवस कलला. बायका गाठोडी बांधायला लागल्या. आज अक्का जाईल की नाही, म्हणून सगळ्या चोरून बघत होत्या.

"उषा, तू जाय आबाले बलावाले," सोनीबाई म्हणाली. मग तिने आपल्या फडक्याची गाठ सोडली, चारी टोकं पसरली आणि शेजारी मांडी घातली. "टाका. आज मना समोर टाका."

एकेक बाई आली आणि ओंजळी भरभरून टाकून गेली. सोनीबाईने प्रत्येकीचा हात धरला आणि कपाळाला लावला. सारिका लिहायचं सोडून नुसती बघत होती.

सुकदेव आबा आला. त्याने सोनीबाईचं गाठोडं काट्यावर चढवलं. "आजबी उषाइतलाच, अक्का."

"आबा, हाऊ कापूस मना एकलीना नही," सोनीबाई म्हणाली. "हाऊ बठ्ठीसना शे."

सुकदेव आबाने काट्यावरची नजर काढली नाही. "माले मागला सालपासून माहीत शे," तो म्हणाला. "वावर मनं शे, अक्का. तुनी सरी कुठपावत पोचस, ते माले दिखस."

सोनीबाई हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. मग पुढचं गाठोडं रूपाचं होतं, ते काट्यावर चढवायला तिने स्वतः हात लावला.