मुक्ताला न सांगितलेला हिवाळा

किस्से साठतात कसे, याचं माझ्याकडे एक साधं उत्तर आहे. जिला सांगायचे तिलाच सांगता येत नाहीत, म्हणून साठतात! आमच्या बाबतीत ती म्हणजे आमची मुलगी मुक्ता. ती इथून विमानाच्या अंतरावर, शॉमबर्गला असते, आणि गेल्या थँक्सगिव्हिंगला तिनं आम्हाला चक्क नोटीस दिली.

"आई, बाबा, धिस इज द लास्ट विंटर ऑन दॅट हिल. एक जरी अ‍ॅक्सिडेंट झाला ना, तर तुम्ही माझ्या कॉम्प्लेक्समध्ये शिफ्ट व्हायचं. नो आर्ग्युमेंट्स."

'दॅट हिल' म्हणजे स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून अर्ध्या तासावर, डोंगराच्या उतारावरचं आमचं घर. माझे यजमान श्रीकांतराव पुलांचे इंजिनियर. रिटायर झाल्यावर त्यांना निसर्गात राहायचं होतं. मी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं, मला कुठंही चाललं असतं. घरात आम्ही दोघं, दगडू नावाचा एकशे दहा पौंडांचा पांढरा कुत्रा, मामी नावाची मांजर, आणि मागच्या खुराड्यात चार कोंबड्या. मुक्ताच्या कॉम्प्लेक्समध्ये तीस पौंडांच्या वरचा कुत्रा चालत नाही. म्हणजे दगडूची फार तर एक तंगडी आत गेली असती!

नऊ वर्षांच्या त्या धोंड्याला सोडून जायचा विषय निघाला की मी उठून त्याच्याच शेजारी जाऊन बसायचे. हे आधीच सांगून ठेवते, पुढं हसण्याच्या नादात राहून जाईल. तर ह्या हिवाळ्यात आम्हाला कामं दोनच. काही होऊ द्यायचं नाही, आणि झालंच तर मुक्ताला कळू द्यायचं नाही.

*

हिवाळा सुरू झाला की आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा सीझन असतो. तेव्हा जंगलाच्या आसपास जो तो नारंगी कपडे घालून फिरतो, म्हणजे शिकाऱ्याला माणूस कुठला आणि हरीण कुठलं ते लांबून कळतं. दगडूला तर हरणांच्या मागं मागं भटकायची हौस. श्रीकांतरावांनी त्याच्यासाठी नारंगी जॅकेट मागवलं, ते त्याच्या डोक्यापाशीच अडकलं.

मग त्यांनी कपाटातून सत्यनारायणाच्या पूजेचं भगवं उपरणं काढलं आणि दगडूच्या गळ्यात बांधून दिलं.

खालच्या वळणावर हँक राहतो. बर्फ पडलं की तो आपला ट्रॅक्टर घेऊन येतो आणि आमचा ड्राइव्हवे साफ करून देतो. त्या दिवशी तो वर आला तर दगडू पायरीवर डोळे मिटून, उपरणं छातीवर सोडून बसलेला. हँकनं चक्क डोक्यावरची टोपी काढली!

"इज ही... रिलिजस?" त्यानं हळूच विचारलं.

"ओन्ली बिफोर मील्स!" श्रीकांतराव म्हणाले.

तेव्हापासून हँक दगडूला रेव्हरंड म्हणतो, म्हणजे पाद्रीबुवा.

*

आमच्या सासूबाईंची शिस्त होती की शेवटची पोळी कुत्र्याची. श्रीकांतरावांनी आईच्या बाकी कुठल्याही शिस्तीला जुमानलं नाही, ही मात्र ते भक्तिभावानं पाळतात. फक्त शेवटच्या एकीऐवजी शेवटच्या चार, आणि त्याही तुपाच्या.

डिसेंबरात दगडूला व्हेटकडे नेलं. डॉक्टरीण तरुण आणि कडक.

"काय खातो हा?"

"डॉग फूड," श्रीकांतराव म्हणाले.

"ओन्ली?"

"ओन्ली."

दगडू वजनकाट्यावर चढेना. बिस्किटं दाखवून झाली, पुढून ओढून झालं, मागून ढकलून झालं. दोन असिस्टंट घामाघूम झाले. शेवटी माझा पेशन्स संपला आणि मी जरा जोरातच म्हणाले, "दगडू, पोळी!"

तो असा उडी मारून चढला की काटाच जागचा हलला!

"व्हॉट इज पोळी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

श्रीकांतराव शांतपणे म्हणाले, "इट्स अ कमांड."

दहा पौंड कमी करा म्हणून कागद मिळाला. तो आम्ही फ्रिजवर लावला नाही, कारण मुक्ता व्हिडिओ कॉलवर फ्रिज वाचते.

*

युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी ऋचा नावाची नागपूरची मुलगी आहे. रविवारी कोणाची तरी गाडी मागून आमच्याकडे वरण-भात जेवायला येते. तिचा एक पेपर जर्नलकडे महिनोन् महिने अडकला होता. जेवणाआधी ती देवघरापुढं उभी राहिली, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटत राहिली.

डोळे उघडते तर समोर मामी! थंडी वाढली की मामीला समईची ऊब लागते. बाळकृष्णाला तिनं शिस्तीत कडेला सरकवलं होतं आणि त्याच्या मखमली गादीवर स्वतः पसरली होती.

"काकू, हे आधी सांगायचं ना! मी सगळं हिलाच मागून बसले!"

पुढच्या आठवड्यात पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला. आता ऋचा येताना पेढे आणत नाही, ट्यूनाचा डबा आणते. आणि तो देवघरापुढं उघडायचा नाही, एवढंच मला तिला दर वेळी सांगावं लागतं.

*

जानेवारीच्या सुरुवातीला बर्फाच्या वजनानं तारा तुटल्या आणि दोन दिवस वीज गेली. आमचं काय, लाकडाची शेगडी आहे, खिचडी झाली. पण खुराड्यातला हीटर बंद पडला आणि कोंबड्या पिसं फुगवून गप्प बसल्या. श्रीकांतरावांनी अंगणात उभी असलेली गाडी सुरू केली, हीटर लावला आणि चौघींना मागच्या सीटवर नेऊन बसवलं.

नेमका मुक्ताच्या व्हिडिओ कॉलचा वार! फोन चार्ज करायलाही गाडीच होती. मी स्वेटरवर स्वेटर घातलेले काढून टाकले, बरी दिसेन इतकी पावडर लावली आणि पुढं जाऊन बसले.

"गाडीत का आहात तुम्ही?" मुक्ता म्हणाली.

"भाजी आणायला निघालोय," श्रीकांतराव म्हणाले. "सगळं ठीक आहे."

तेवढ्यात तांबडी कोंबडी उडून त्यांच्या खांद्यावर बसली आणि कॅमेऱ्यात डोकावली.

मुक्तानं तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाली, "बाबा, व्हाय इज देअर अ चिकन इन द कार?"

"विकत घेतली," श्रीकांतराव म्हणाले.

माझ्या जन्मात मी ह्या माणसाला अंडं खातानाही पाहिलेलं नाही!

"जिवंत?"

"इकडे ताजी मिळते गं."

मी घाईघाईनं फोनची बॅटरी संपवली. म्हणजे बटण दाबलं.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी आमच्याकडे असतं. ह्या वर्षी ते करू नये असं सगळ्यांचं मत होतं, म्हणून मी केलं. अकरा जणी आल्या. हँकनं ड्राइव्हवे लख्ख करून दिलेला, पैठण्या गुडघ्यापर्यंत खोचून बायका वर चढल्या. घरात बूट घालून यायचं नाही हा आपला नियम, त्यामुळे बावीस बूट गॅरेजमध्ये ओळीनं लागले. गॅरेजचं मागचं दार अर्धवट उघडं राहिलं, ही चूक माझी.

तिळगूळ झाला, उखाणे झाले, वाण म्हणून मी स्टीलच्या गाळण्या वाटल्या. निघायच्या वेळी गॅरेजमध्ये गेलो तर प्रत्येकीचा उजवा बूट जागेवर आणि डावा गायब!

दगडू बाहेर बर्फाच्या ढिगावर आडवा पडला होता. चेहरा अत्यंत समाधानी. ढीग खणून सहा बूट मिळाले. बाकीचे पाच कुठं आहेत ते त्याला विचारलं, त्यानं शेपटी हलवली.

मग पाच जणींच्या डाव्या पायात श्रीकांतरावांचे लोकरीचे मोजे चढवले, त्यावर ब्रेडच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर रबरबँड. हँक एकेकीला ट्रॅक्टरवर बसवून खाली सोडून आला. शेवटच्या होत्या विद्याताई, वय पंचाहत्तर. त्या ट्रॅक्टरवरून ओरडल्या, "पुढच्या वर्षी पण असंच ठेव गं! इतकं छान हळदीकुंकू झालंच नव्हतं!"

त्या विद्याताईंनीच एक फोटो काढला. पैठण्या, नथी, बर्फ आणि ब्रेडच्या पिशव्या! फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला. तिथून कोणाच्या तरी सुनेकडे, आणि ती सून मुक्ताची मैत्रीण निघाली. तासाभरात मुक्ताचा मेसेज आला. दोनच शब्द होते. "मी येतेय."

*

मुक्ता आली ती कागद घेऊनच. श्रीकांतराव ऑनलाइन सही करत नाहीत हे तिला माहीत, म्हणून तिच्या कॉम्प्लेक्समधल्या अपार्टमेंटचा अर्ज तिनं प्रिंट काढून आणला होता. दगडूसाठी एका चांगल्या घराची चौकशीही करून ठेवली होती. "ही'ल बी हॅपी देअर," असं ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. श्रीकांतराव उठून कोंबड्यांकडे गेले. मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मी खालच्या पेटीतलं मेल घेऊन येते." मी म्हटलं, अगं, ते ऑफिसचे बूट घालून उतरू नकोस. तर म्हणाली, "आय ग्रू अप इन स्नो, आई." फोन टेबलावरच ठेवून गेली.

उपमा होत आला होता तेव्हा खालून भुंकणं ऐकू आलं. दगडू भुंकत नाही. नऊ वर्षांत मी त्याचा आवाज जेमतेम दोनदा ऐकला असेल. आम्ही दोघं तसेच धावलो.

मुक्ता वळणावर पडलेली, आणि तिच्या अंगाला अंग लावून हा आडवा. वाऱ्याच्या बाजूला हा, आडोशाला ती. तिचे हात त्याच्या मानेच्या केसांत खुपसलेले. भुंकणं ऐकून हँकही ट्रॅक्टर घेऊन आला, तर दगडू त्याच्यावर गुरगुरला! शेवटी मुक्ताच म्हणाली, "इट्स ओके, दगडू. जाऊ दे मला." तेव्हा उठला.

स्ट्रेचर कुठलं आणायचं? हँकनं तिला ट्रॅक्टरच्या पुढच्या, बर्फ उचलायच्या खोऱ्यात ब्लँकेट टाकून बसवलं. खोऱ्यातून ती ओरडत होती, "धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉज टॉकिंग अबाउट!" आणि शेजारून दगडू चालत होता.

घोटा मोडला होता. प्लॅस्टर, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. शॉमबर्गची फ्लाइट कॅन्सल केली आणि मुक्ता हॉलमधल्या सोफ्यावर मुक्कामाला आली. दगडूनं सोफ्यापुढची जागा धरली. जेवायलासुद्धा उठेना, म्हणून मुक्ता आपल्या ताटातलं त्याला भरवू लागली. मी न बघितल्यासारखं केलं.

श्रीकांतराव मात्र तीन दिवस वळणावरचं बर्फ फोडत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी पेन घेऊन हॉलमध्ये आले. चेहरा उतरलेला.

"माझ्या हट्टापायी तुझा पाय मोडला," ते म्हणाले. "बास झालं. कुठायत ते कागद? मी सही करतो, आईही करेल."

मी दगडूकडे बघायचं टाळलं.

मुक्तानं मान वर केली नाही. त्याच्या कानामागं खाजवत राहिली.

"कागद?" ती म्हणाली. "दगडूनं खाल्ले, बाबा."

दगडू कागदाला तोंड लावत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिचा प्लॅस्टरचा पाय दोन उशांवर ठेवलेला होता, आणि त्या दोन उशांच्या मधून पांढरे कोपरे बाहेर आले होते. श्रीकांतरावांनी ते पाहिले. मीही पाहिले.

"सगळे खाल्ले?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

श्रीकांतरावांनी पेनाला टोपण लावलं आणि कोंबड्यांना गरम पाणी द्यायला मागच्या दारानं बाहेर गेले.