पाहुणे येणार म्हणून

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. अकोल्यात, गावाच्या कडेला एका भाड्याच्या कौलारू घरात आम्ही मनाच्या आजाराची काही माणसं सांभाळत होतो. आम्ही म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर, फौजदारी खटल्यांत नाव काढलेले एक वकील आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी मी. संस्था म्हणून आमच्याकडे दारावरच्या पाटीपलीकडे काही नव्हतं. घर चालायचं वकीलसाहेबांच्या पदरमोडीवर, आणि त्यांची वकिली तब्येतीमुळे बंद पडत आली होती. सरकारी अनुदान मिळालं नाही तर उन्हाळ्याआधी घर बंद करायचं, असं ठरून गेलं होतं.

घर बंद झालं असतं तर सगळ्यांत वाईट झालं असतं, आम्ही सगळे जिला मावशी म्हणायचो तिचं. तिला तिच्या दिरानं बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातून आणलं होतं, छपराच्या दमणीत, म्हणजे बैलगाडीत घालून, बैलांच्या दोरानं हात बांधून. त्याआधी कित्येक वर्षं ती कडब्याच्या खोलीत होती. आमच्याकडे आल्यावर काही महिने ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मग हळूहळू विहिरीवर जायला लागली, भाकरी थापायला लागली, माझ्या साड्यांच्या रंगांना नावं ठेवायला लागली. दीर अधूनमधून येऊन बघून जायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं मला सरळ सांगून ठेवलं होतं, "तुमचं हे घर मोडलं त मले कळवजा, बाई. आमची खोली हाय तशीच हाय." 

म्हणून अर्जाला लागलो. आधी धर्मादाय कचेरीत नोंदणी. नोंदणीला घटना हवी, घटनेला कार्यकारिणी हवी, आणि कार्यकारिणीला आम्ही तिघं पुरणार नव्हतो. वकीलसाहेबांनी अशिलांना गाठून सभासद केलं. त्यातल्या एकाला आपण कशाचे सभासद झालो हे कळलं तेव्हा तो आठवडाभर आमच्या रस्त्यानं फिरकला नाही. उद्देशाचं कलम वकीलसाहेबांनी असं लिहिलं की मला ते तीनदा वाचूनही कळेना. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे खोडा. लेहा, इथं माणसं राहतात." शेवटी दोन्ही ठेवलं.

खरा खटका उडाला तो अनुदानाच्या अर्जातल्या 'बरे झालेले' या रकान्यावर. वकीलसाहेबांना तिथं भरघोस आकडा हवा होता. डॉक्टर आकडा द्यायला तयार होईनात. "मावशी आता विहिरीवर एकटी जाते. तिले कोणत्या रकान्यात घालू, सांगा ना!" डॉक्टरांचं बरोबर होतं आणि वकीलसाहेबांचंही चूक नव्हतं, सरकारला रकाना रिकामा चालत नाही. मी वेगळा कागद जोडला आणि त्यावर प्रत्येकाची आल्या दिवसाची आणि आजची अवस्था दोन-दोन ओळींत लिहिली. तेवढं जमलं म्हणून मी जरा मिरवलेही.

मग अमरावतीहून पत्र आलं की तपासणीला साहेब येणार. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर अख्खं वऱ्हाड जे करतं, तेच आम्ही केलं. चुना मारला, अंगण सारवलं, वकीलसाहेबांच्या बैठकीतल्या खुर्च्या आणल्या. आणि घर आवरता आवरता वकीलसाहेब म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांना माझ्या मळ्यात पाठवू."

मी भडकले. लपवून ठेवणं, बाजूला बसवणं याची मला लहानपणापासून चीड. आम्हा गावकुसाबाहेरच्या लोकांना तो अनुभव कुणी समजावून सांगायला नको होता. पण वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, परका माणूस येऊन त्यांच्याकडे बघणार. प्राणी दाखवतात तसं दाखवायचं का त्यांना?" हे म्हणणाऱ्या माणसानं या घरासाठी बायकोचे दागिने मोडले होते. मी परत अंगण सारवायला घेतलं.

तपासणीच्या सकाळी दमणी दारात आली. सगळे हौसेनं चढले, मळ्यात हरभरा आला होता. मावशी मात्र चढेना. दमणीचं छप्पर बघितलं आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली. दमणी तशीच गेली. वकीलसाहेब तिच्याजवळ जाऊन अगदी हळू म्हणाले, "घाबरू नका मावशी, कुठं पाठवत नाही. आज पाहुणे येणार आहेत, एवढंच."

"पावने येऊन राहिले का?" मावशीचा जीव भांड्यात पडला. "मंग असं सांगा न, बाप्पा." तिनं खांब सोडला, पदर सारखा केला आणि आपणहून मागच्या कोठीत जाऊन पोत्यांमध्ये बसली. दार आतून लोटून घेतलं. मग आतूनच म्हणाली, "बाहेरून कडी लावून घ्या. मी आवाज नाही करत."

आम्ही तिघं दारासमोर उभे. कुणाचाही हात वर होईना. मला रडू फुटलं, आणि रागही आला, सगळ्यांचाच. डॉक्टरांनी दार उघडलं, तिला हाताला धरून बैठकीत आणलं आणि वकीलसाहेबांच्या सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसवलं.  वकीलसाहेब स्वतः सायकल काढून, त्या तब्येतीत, दमणी परत आणायला निघून गेले.

साहेब आले तेव्हा घरात रुग्ण म्हणून एकटी मावशी. "बाकीचे कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुमी येणार म्हणून लपवले होते, साहेब. आणून राहिलो परत."

साहेब खुर्चीवर टेकले, मी दिलेला चहा हातात घेतला. मग मावशीकडे वळून म्हणाले, "इथं तुम्हाला बरं वाटतं का?"

मावशीनं आमच्याकडे बघितलं, मग खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवली. "पावना आला," ती म्हणाली, "तरी मले बैठकीत बसवलं."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दमणी येईपर्यंत थांबले. अनुदान मिळालं, मागितलं त्याहून कमी, पण घर राहिलं आणि दिराला कळवायची वेळ आली नाही. पुढे कुणीही येणार असलं की वकीलसाहेब सगळ्यांत आधी तिला हाक मारायचे, "मावशी, पाहुणे येताहेत, बैठकीत या." ती यायची, खुर्चीजवळ थांबायची, आणि इतक्या वर्षांत एकदाही न चुकता विचारायची, "खरंच बसू का?"