आवतन घेतलेला बैल

जालना जिल्ह्यात जनावराला मरायला सगळ्यात अवघड जागा कुठली असेल, तर ती आमच्या फार्महाऊसवाल्या साहेबांचा गोठा. माणूस सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, परतूर रस्त्याला तीन एकर घेऊन हौसेनं जनावरं पाळणारा. हौस म्हणजे काय, तर बाजारातून जनावर आणायचं, थाटात बारसं करायचं आणि पुढचं सगळं माझ्या डोक्यावर घालायचं. मी जनावरांचा डॉक्टर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. शेणात हात घालून शिकलो, त्याचा मला अभिमान आहे. पण भल्या सकाळी म्हशीच्या शेणाचा व्हिडिओ पाठवून "डॉक्टर, कलर जरा वेगळाच वाटून राह्यला" असं विचारणारं गिऱ्हाईक भेटेल, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांच्या गोठ्यातून एकही जनावर जात नाही. अंडी देणं कधीच सोडलेल्या नऊ कोंबड्या तिथं मजेत दाणे टिपतात. "साहेब, ह्यांचं आता कालवण करा," असं मी एकदा बोललो, तर म्हणाले, "मी निवृत्त झालो तेव्हा माझं कालवण केलं का कुणी?" करायला हरकत नव्हती, असं मला तेव्हा वाटलं होतं. एक कोंबडा तर दिसेल त्याची पोटरी फोडायचा. त्याला कापायचं ठरलं आणि आम्हा सहा जणांना जेवायचं बोलावणं आलं. आम्ही उपाशीपोटी गेलो. ताटात पिठलं! कोंबडा पंगतीतून ऐटीत फिरत होता आणि साहेब त्याला भाकरीचे तुकडे टाकत होते. "प्रकरण विचाराधीन आहे," एवढंच बोलले. कचेरी सुटली तरी कचेरीची सवय सुटली नव्हती. कुठल्याही निर्णयाची फाईल आधी बायकोकडे, मग पुण्याच्या लेकीकडे, तिथून शेरा घेऊन परत साहेबांकडे. तोवर कापायचा कोंबडाच म्हातारा होऊन जायचा.

इथवर मी हसत होतो. पण गेल्या पावसाळ्यात त्यांचा म्हातारा बैल तांब्या चिखलात घसरला आणि मागच्या पायाचं हाड खुब्यात मोडलं. एवढ्या मोठ्या जनावराचं ते हाड सांधत नाही. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "साहेब, हा आता उठणार न्हाई. सुई देऊन सोडवू त्याला." साहेबांनी मान हलवली आणि फाईल वर पाठवली. आठ दिवस झाले. तांब्याच्या कुशीला जखमा पडल्या, माशा बसू लागल्या. कूस बदलताना तो कण्हायचा, आणि साहेब गोठ्याबाहेर जाऊन कानाला फोन लावायचे. त्यांचा सालगडी नामदेवमामा तोंडावर म्हणाला, "साहेब, फोन तुमाला दुखत न्हाई, बैलाला दुखून राह्यलं." तरी माणूस ढिम्म. असल्या मऊ काळजाच्या लोकांइतकं निर्दय कुणी नसतं, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, ठरलं. आजच या." मी बॅग घेऊन जल्दी पोचलो, आणि बघतो तर साहेबांचे दोन्ही हात हळद-तुपानं माखलेले! खांदेमळणीचा दिवस. नामदेवमामा बाकीच्या बैलांचे खांदे मळत होता, तेव्हा साहेबांना राहवलं नाही. त्यांनी तांब्याचेही खांदे मळले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या कानात सांगून टाकलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.'

"आता उद्याशिवाय जमणार न्हाई," साहेब म्हणाले. "आवतन देऊन पाव्हण्याला उपाशी कसं धाडू?"

माझा तोल गेला. "तुमच्या शब्दापायी ह्यानं आणखी एक रात्र कण्हायचं का? शिकलेले आहात ना?"

साहेब हातावरची हळद बोटानं पुसत उभे राहिले. शेवटी नामदेवमामाच म्हणाला, "मंग आजच वाढा की. पाव्हना घाईत असला तर आदल्या दिशी वाढत न्हाईत का?"

साहेबांची बायको गावाला गेलेली. साहेबांनी जन्मात पहिल्यांदा पुरणपोळी केली. पुरण पातळ, पोळी फाटलेली, एका बाजूनं करपलेली. असलं जेवण मी नाकारलं असतं. तांब्यानं हुंगलं, जीभ फिरवली आणि साहेबांच्या तळहातावरून अर्धी पोळी खाल्ली. मी सुई भरून उभा होतो. साहेब खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "घाई करू नका डॉक्टर."

"जेवू द्या सावकाश," मी म्हणालो. आणि भरलेली सुई पाठीमागं धरली.

तांब्याला सोडवून घरी येताना मला माझा बाप आठवला. त्या काळी आमच्याकडं म्हातारा बैल बाजाराला जायचा. दुसरा इलाज नव्हता, आणि बापाच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नाही. पण ज्या वर्षी बैल काढायचा असायचा, त्या वर्षी खांदेमळणीच्या सांजेला तो आवतन सांगायचं आईवर टाकून, हळदीची वाटी तिच्या हातात देऊन शिवारात निघून जायचा. बापाला तिकडं काही काम असेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.