बोर्डावरचं कुंकू

एका अनोळखी माणसाला मी एकदा स्वतःची सगळी माहिती देऊन टाकली. त्याने धड विचारलंही नव्हतं. मी एकटी राहते, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो, त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, आणि आता मी आणखी एखादा गोंधळ घातला तर तो मला इथून उचलून त्याच्याकडे नेणार आहे, हे सगळं मी त्याला सांगितलं. का, तर तो एसी दुरुस्त करायला आला होता आणि मराठी बोलला होता.

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी कोवळीच. आता आठवलं की त्या बाईचा कान धरून तिला भिंतीकडे तोंड करून उभं करावंसं वाटतं.

तिची बाजू सांगायची तर एवढीच. बंगळुरात चाळीस-एक वर्षं काढली तरी दारात आलेल्या माणसाशी मी कन्नडच बोलायचे, नाहीतर हिंदी. मराठी घरात. घरातलं माणूस गेल्यावर मराठी फोनवर आणि देवाशी. जयनगरमधलं आमचं ते बसकं घर, पुढे कडीपत्त्याचं झाड, वर गच्ची. त्या घरात दिवसभरात माझ्या कानावर मराठीचा एक शब्द पडत नसे. मीच भांडी घासताना मोठ्याने बोलायचे आणि मीच ऐकायचे. मुलाला वाटायचं, आईच्या डोक्यावर परिणाम होतोय.

त्याला असं वाटायला मी कारणंही पुरवली होती. एकदा दार ओढून बाहेर राहिले आणि दुपारभर समोरच्या अक्कांच्या ओट्यावर बसले. एकदा दूध गॅसवर ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, ते पातेलं तळापर्यंत काळं होईतो खाली आलेच नाही. तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, आता पुढचं काही झालं ना, तर मी तुझं ऐकणार नाही. खोली तयार आहे." खोली सतराव्या मजल्यावर. मी म्हटलं, पुढचं काही होणारच नाही. आणि खरंच मी वागत होते हो नीट. गॅसचं बटण रात्री दोनदा बघायचे.

मग उन्हाळ्यात माझ्या खोलीतला एसी बंद पडला. या गावात पूर्वी पंखासुद्धा कोणी लावत नसे, पण ते गाव गेलं. मुलानेच तो एसी बसवून दिला होता. तो बंद पडला हे त्याला सांगायचं म्हणजे पुन्हा "बघ, एकटीला जमत नाही." म्हणून मी परस्पर माणूस बोलावला. चौकातल्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर लावला.

तो आला. फाटकातून कन्नडमध्ये हाक दिली. मी कन्नडमध्येच आत या म्हटलं. माझ्या कन्नडला अजून बेळगावचा वास येतो. तो चपला काढता काढता थांबला आणि म्हणाला, "काकू, बेळगावकडच्या काय वो तुमी?"

आजी म्हणाला असता तर मी सावध झाले असते. काकू म्हणाला.

तो निपाणीकडचा निघाला. तिशी-पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, पाठीवर भलीमोठी हत्यारांची पिशवी. मला काय झालं कोण जाणे. या शहरात येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कॉफी देते, त्याच्यासाठी आलं ठेचून चहा केला. ताटलीत भडंग घातलं. तो जाळी धूत होता आणि मी दारात उभी राहून बोलत होते. इतकं बोलले, इतकं बोलले! दुधाचं पातेलं, दाराचं कुलूप, सतरावा मजला. तो मधून मधून "व्हय की", "तर वो" म्हणायचा. बास. एवढ्यावर त्या अडुसष्ट वर्षांच्या पोरीने त्याला आपलं माणूस ठरवून टाकलं.

गच्चीवरच्या बाहेरच्या पेटीचं झाकण उघडून त्याने आतला बोर्ड काढला. पाटीएवढा हिरवा पत्रा, त्यावर बारीक बारीक मणी आणि तारा. "ह्यो गेलाय, काकू. हितं हुईत न्हाई. दुकानात न्यायला लागतंय."

"ने बाबा," मी म्हटलं, "पण जरा थांब." आणि आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला.

आता यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजही कळत नाही. खंडेनवमीला आम्ही शिवणाच्या मशीनला कुंकू लावतो, मिक्सरला लावतो, या गावात तर बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात. घरातली एक वस्तू दवाखान्यात निघाली होती. मी बोर्डाच्या एका कोपऱ्यात, तारा नव्हत्या तिथे, तेलाच्या बोटाने ठसठशीत टिळा लावला. तो हसला. "आता पावर येतीय बघा त्येला." मीही हसले. तेवढ्या हसण्यावर तो बोर्ड पिशवीत घालून गेला.

मग नेहमीचं. आज येतो, उद्या येतो, दुकानवाल्याने दिला नाही, गाडी पंक्चर झाली. फोनवर मात्र आवाज तुपासारखा. "काकू, तुमचं काम म्हंजे घरचं काम." आणि ती खुळी समजूत घालायची, स्वतःची आणि त्याचीही. "असू दे रे, उन्हातान्हात फिरतोस, जपून ये."

शेवटी आला. बोर्ड बाहेर काढला. मी आधी कोपरा बघितला.

कुंकू नव्हतं.

"आमचा बोर्ड कुठाय?"

"ह्योच की, काकू."

"याला कुंकू कुठाय?"

"केमिकलनं धुतल्यात ते. ऱ्हाईल काय कुंकू?"

बरं, धुतलं म्हणावं तर बोर्डाच्या फटींत धूळ. एका बाजूला भोक तुटलेलं, तिथे तार गुंडाळून अडकवलेली. आमचा एसी वर्षभराचासुद्धा नव्हता आणि हा बोर्ड दहा घरं फिरून आल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "धूळ राहिली आणि कुंकू गेलं?"

तो बोर्ड घेऊन वर गेला आणि बसवायला लागला. एसी सुरू झाला. गार हवा आली, आणि तिच्याबरोबर डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज. तो म्हणाला, चालू झालं ना, मग झालं. मी म्हटलं, माझा बोर्ड आण. तो म्हणाला, "काकू, उगं कटकट करू नका. दुसऱ्या ठिकाणी जायचं हाय मला."

हे "कटकट" मला लागलं. कन्नडमध्ये म्हणाला असता, हिंदीत म्हणाला असता, तर मी हातवारे करून भांडले असते आणि दुपारी झोपले असते. मराठीत मला कितीतरी दिवसांत कोणी काही लागेल असं बोललं नव्हतं. सवय गेली होती.

तो बाथरूममध्ये हात धुवायला गेला. मी त्याची हत्यारांची पिशवी उचलली. उचलली कसली, फरशीवरून ओढत नेली, बकऱ्यासारखी. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात टाकली, कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवली ते सांगत नाही. जिथे कुठलाही सभ्य मेकॅनिक हात घालणार नाही तिथे ठेवली.

"पिशवी?"

"बोर्ड."

"काकू, चेष्टा नको. त्येच्याबिगर मला काम करता येत न्हाई."

"मलाही एसीबिगर झोपता येत नाही. जा, माझा बोर्ड आण, पिशवी घेऊन जा."

काय ताठ उभी होती ती बाई! कमरेवर हात, पदर खोचलेला. तिला वाटलं, जिंकलो. समोरच्या अक्का फाटकाशी येऊन "एनायतु री?" म्हणून विचारून गेल्या, काय झालं म्हणून. तर ही त्यांना म्हणाली, काही नाही, स्वल्प हिशोब चुकता करतेय.

त्याने आरडाओरडा केला नाही. पोलिसांची धमकी दिली नाही. ओले हात पँटला पुसले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, फ्रिजवरचा नंबर बघितला, आणि बाहेर दारापुढच्या ओट्यावर बसून फोन लावला.

मला सगळं ऐकू येत होतं. तेच गोड मराठी. "साहेब, घाबरू नका, काकू बऱ्या हैत. मी एसीवाला. काम सगळं करून दिलंय, पर काकूंनी माझी हत्यारं कपाटात कोंडल्यात. बोर्डाला कुंकू लावलं होतं म्हनत्यात... व्हय, बोर्डाला. जरा विसरल्यागत करायल्यात वाटतंय. परवाबी दूध जळालं म्हनत हुत्या. एकट्याच ऱ्हात्यात न्हवं? म्हून म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

एकेक शब्द माझाच होता. मी चहाबरोबर दिलेला.

मी ओट्यावर गेले आणि म्हटलं, "मेल्या, भडंग तरी ओकून टाक." त्याने फोनवर हात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, माझं पोट हाय ह्यावर. तुमी माझं पोट कोंडलासा." खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून खरं वाक्य आलं की उत्तर सुचत नाही. मी आत येऊन कपाटाला पाठ लावून बसले.

मुलगा कचेरी सोडून आला. घामाघूम. आधी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, आजारी माणसाचा बघतात तसा. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, तू वर जाऊन बोर्ड बघ. तो आपला नाही. कुंकू नाही त्याला.

"आई, बोर्डाला कुंकू?"

"मग कशाला लावायचं होतं? तुझ्या कपाळाला?"

तो हसला नाही. इंजिनिअर माणूस आहे तो, मी म्हटलं बघेल, कळेल त्याला. दोघं गच्चीवर गेले. मी जिन्याखाली उभी. वर झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. खाली आला तो तोंड एकदम सपाट करून. म्हणाला, "आई, किल्ली दे."

"बोर्ड बघितलास?"

"बघितला. ठीक आहे. किल्ली दे."

मी पाठ फिरवून किल्ली काढली. दोन पुरुष माना खाली घालून उभे होते, म्हणजे हसत तरी असतील किंवा कीव तरी करत असतील. मुलाने स्वतः कपाट उघडलं, पिशवी त्या माणसाच्या हातात दिली, मोबाइलवरून पैसे दिले आणि माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखं, म्हणाला, "सॉरी हं. वय झालंय तिचं. मनावर घेऊ नका."

तो म्हणाला, "छे वो. माझी बी आई हाय घरात."

पुढच्या महिन्यात मी सतराव्या मजल्यावर आले. कडीपत्ता कुंडीत आणला, तो पंधरवड्यात वाळला. इथे काही वाईट नाही. सून चांगली आहे, नातू दोन-चार वाक्यं मराठीत बोलतो आणि उरलेलं इंग्रजीत उरकतो. किल्ली माझ्याकडे नसते, कारण दाराला किल्लीच नाही. अंगठा ठेवायचा, आणि माझ्या अंगठ्याच्या रेघा झिजल्यात, तर ते दार मला ओळखत नाही. मी बेल वाजवते. गॅसही नाही, काचेची शेगडी आहे, ती आपली आपण बंद होते. माझ्या हातून बिघडेल असं या घरात काहीही ठेवलेलं नाही. जयनगरच्या घरात आता दातांचा दवाखाना आहे.

एसी मात्र माझ्याबरोबर आला होता, माझ्या खोलीत बसवायला म्हणून. बसवायला आलेला पोरगा उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. या वेळी मी चहा दिला नाही, गप्प खुर्चीत बसून राहिले. त्याने बाहेरची पेटी उघडली, आत बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, हा बोर्ड या मशीनचा नाहीच. लहान मशीनचा आहे. हे बघा, स्टिकरवर नंबरच वेगळा. कोणीतरी बदललाय." नंबर चांगला मोठ्या अक्षरांत छापलेला होता. मलासुद्धा चष्म्याशिवाय वाचता आला.

काय सांगू, मी उठले ती जवळजवळ उड्या मारतच उठले. गुडघे विसरले. रविवार होता, मुलगा हॉलमध्ये पेपर वाचत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, कमरेवर हात, पदर खोचलेला. म्हटलं, "ऐकलंस? बोर्ड बदललेला निघाला. मला वेड लागलेलं नव्हतं. मी बरोबर होते."

त्याने पेपर खाली ठेवला. घडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

"आई, ते मला त्याच दिवशी गच्चीवर कळलं होतं. पण तू बरोबर आहेस असं मी म्हटलं असतं, तर तू आली नसतीस."