पकड सोडायचा सराव

सिल्वासातल्या टोकरखाड्यात दुर्गाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीवर काळ्या ताडपत्रीचा तुकडा खिळ्यांना ताणून बांधलेला होता. नवरा, नवनाथ, जवळच्या सायली गावातल्या सूत कारखान्यात रातपाळीला. संध्याकाळी आठला कामावर आणि सकाळी आठला सुटका. तो घरी पोचायचा तेव्हा दुर्गा पॅकिंगच्या कामाला निघालेली असायची. नवरा-बायकोची भेट उंबऱ्यात.

"चहा झाकून ठेवलाय."

"हं."

एवढंच. मग तो अंधारात झोपायचा आणि ती उन्हात चालू लागायची. संध्याकाळी ती परतून डबा भरायची की तो निघायचा.

त्यांची मुलगी सोनी दुसरीत होती. ती बोलायला शिकली तीच कुजबुजत. "बाबा झोपलेत, हळू," हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की हळू हाच तिचा आवाज झाला. शाळेतल्या बाईंनी दुर्गाला बोलावून घेतलं.

"मुलीला काही त्रास आहे का? पहिल्या बाकावर बसवली तरी तिचं बोलणं ऐकू येत नाही."

"घशाचं काही नाही बाई. तिचे बाबा दिवसा झोपतात."

बाईंना हे उत्तर वाटलं नाही. त्यांनी डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. दुर्गा हो म्हणाली आणि नेलं नाही. एक खाडा पडला असता.

हिवाळ्यात कारखान्याचे मॅनेजर उदय सर यांच्या डोक्यात रग्बी शिरली. ते पुण्याचे, कॉलेजात खेळलेले. सिल्वासा, वापी, दमण, वलसाड असल्या गावांतल्या हौशी संघांची रग्बी लीग होती आणि त्यात कारखान्याचा संघ उतरवायचा त्यांनी चंग बांधला. रग्बीचा लंबगोल चेंडू हातात धरलेला माणूस अख्ख्या कारखान्यात नव्हता. म्हणून त्यांनी कबड्डी खेळलेले शोधले. तसे खानदेशातून आलेले पुष्कळ निघाले.

नवनाथ त्यातलाच. शिरपूरकडच्या त्याच्या गावात त्याला मगर म्हणत. एकदा पाय हातात आला की सुटायचा नाही. जत्रेतल्या सामन्यात त्याने दुर्गाच्या भावाला असा धरला की भाऊ आठवडाभर लंगडत होता, आणि लंगडतच घरी येऊन म्हणाला होता, "आपल्या दुर्गीला पोरगा बघितला."

आता तो मगर चाळिशीला टेकला होता. रग्बीत जाऊन हाडं मोडून घ्यायचं हे वय नव्हे, असं दुर्गाने सांगितलंही असतं. पण उदय सरांनी वरून एक गोष्ट कबूल करून आणली होती. लीग चालू आहे तोवर संघातल्या सगळ्यांना दिवसपाळी. संघ अंतिम फेरीत पोचला तर दिवसपाळी कायमची. हरला, तर दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापल्या जागी.

"खेळा," दुर्गा म्हणाली.

तिने ताडपत्री काढली, धुतली आणि घडी करून खाटेखाली सरकवली. खोलीच्या भिंती हिरव्या आहेत हे तिला त्या दिवशी नीट दिसलं. पोपडेही दिसले.

फार काही सुख आलं असं नाही. संघातल्यांना पाच-साडेपाचलाच सोडायचे, मग सराव, सातला नवनाथ घरी. गुडघे सोललेले, कपडे मातीने माखलेले. धुणं वाढलं, भाकरी वाढल्या. आणि जेवता जेवताच त्याचे डोळे मिटायचे. दुर्गाही दिवसभर उभी राहून आलेली. दोघं समोरासमोर बसायची आणि काय बोलावं ते सुचायचं नाही. इतक्या वर्षांचं राहून गेलेलं बोलणं कुठून काढायचं? तो मशीनचं सांगायचा, ती सुपरवायझरचं. मग सोनी मध्येच काहीतरी बोलायची आणि तो म्हणायचा, "काय? मोठ्याने बोल ना."

हे वाक्य त्या घरात नवीन होतं.

पहिले दोन सामने संघाने कसेबसे निभावले. दुसऱ्या सामन्यानंतर नवनाथ तोंड पाडून आला.

"सर म्हणाले, पुढच्या वेळी बाहेर बसवतो."

"का? तुम्हीच तर सगळ्यात जास्त पाडता म्हणे."

"पाडतो. पण सोडत नाही." त्याने समजावून सांगितलं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं. पडला की लगेच सोडायचं. त्याला उठू द्यायचं, चेंडू पायाने मागे ढकलू द्यायचा. धरून ठेवलं की शिट्टी, आणि पेनल्टी समोरच्यांना.

"मग पाडायचा कशाला?"

"तेच तर," तो म्हणाला. "कबड्डीत धरायचं ते दम सुटेपर्यंत. इथे धरला न धरला तोच सोडा. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही."

दुर्गाने ताट उचलायला हात पुढे केला. नवनाथनेही धरलं. ती एकदम म्हणाली, "सोडा!"

त्याने ताट आणखी घट्ट धरलं.

"ताट सोडा म्हणते. सराव."

त्या दिवसापासून घरात हेच. तो पाण्याची बादली उचलायचा, दुर्गा ओरडायची, "सोडा!" दाराची कडी, टॉवेल, सोनीचं दप्तर, जे हातात येईल ते. एकदा ऐन दूध उतरवताना सोनी मागून म्हणाली, "सोडा बाबा!" आणि त्याने सांडशीसकट पातेलं सोडलं. दूध खोलीभर. दुर्गाला हसू आलं आणि रडूही, कारण पुसायचं तिलाच होतं. शेजारची आक्काबाई, जी खानावळ चालवायची, दारातून डोकावली.

"काय गं, भांडताय का?"

"नाही आक्का. रग्बी."

"बरं बरं. भांडी सांभाळा."

सोनीला या खेळात फार मजा यायची. बाबांवर ओरडायची परवानगी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. महिन्याभरात तिचा "सोडा" आक्काबाईच्या खानावळीत ऐकू जायला लागला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरांचा गुण आला हो." दुर्गा म्हणाली, "आला."

नवनाथचे हातही हळूहळू ऐकायला लागले. पेनल्ट्या कमी झाल्या. मार्चच्या उन्हात संघ उपांत्य फेरीत पोचला. समोर दमणचा संघ, सामना रविवारी, सायलीजवळच्याच मैदानावर.

आणि तिथे दुर्गाने स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली. दमणवाल्यांच्या मागे गाड्या भरभरून माणसं येतात असं तिच्या कानावर आलं होतं. चाळीतल्या गजाननचा टेम्पो होता. तो नवनाथच्या शेजारच्या गावचा.

"भाऊ, आपली माणसं न्या ना मैदानावर. ह्यांच्या मागे ओरडायला कोणीच नसतं."

"मगर खेळणार आणि आम्ही घरी बसणार? काय बोलता वहिनी!"

टेम्पो गच्च भरला. सगळे खानदेशी, सगळे कबड्डी पाहून मोठे झालेले. रग्बी कोणीच पाहिलेली नव्हती. दुर्गा टेम्पोत आक्काबाईला नियम सांगायला लागली तेव्हा गजाननने हॉर्न वाजवून तिला गप्प केलं.

सामना सुरू झाला. नवनाथ शहाण्यासारखा खेळत होता. पाडत होता आणि सोडत होता. प्रत्येक वेळी दुर्गाच्या छातीतला श्वास मोकळा व्हायचा आणि प्रत्येक वेळी टेम्पोपाशी हळहळ व्हायची.

"अरे सोडला! हातातला सोडला!"

"याला काय झालं भो? शहरात येऊन पाणी झालं याचं."

"गावाचं नाव घालवतो हा."

"भाऊ, सोडायचंच असतं," दुर्गा म्हणाली.

"वहिनी, आम्हाला कबड्डी नका शिकवू."

"कबड्डी नाहीये ही!"

"बरं, जे असेल ते. माणूस धरायचा की नाही?"

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा गुण बरोबरीत होते. दमणचा एक उंच पोरगा चेंडू काखेत मारून सुटला. सगळ्यांना चुकवून तो कडेने, टेम्पोच्या बाजूनेच पळत आला. नवनाथने मागून झेप घेतली आणि त्याचा घोटा पकडला. पोरगा आडवा झाला, चेंडू मात्र त्याने छातीशी ठेवला.

"धर!" गजानन टपावर चढून ओरडला. "मगर, धर! सोडू नको!"

"मगर! मगर! धर!" अख्खा टेम्पो ओरडायला लागला.

"सोडा!" दुर्गा ओरडली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. सोनी तिच्या कमरेला धरून, मान मागे टाकून, जितकं जमेल तितक्या मोठ्याने ओरडत होती, "सोडा बाबा! सोडा!"

पोरगा उठायला धडपडत होता. नवनाथने दुसराही हात घातला.

शिट्टी वाजली.

टेम्पोभोवती जल्लोष झाला. माणूस धरला, म्हणजे गुण आपला. गजानन टपावर नाचत होता. कोणीतरी रुमाल हवेत उडवला. त्यांचं नाचणं चालू असतानाच दमणच्या माणसाने चेंडू मातीवर उभा ठेवला, दोन पावलं मागे गेला आणि खांबांच्या मधून लाथाडला. पेनल्टीचे दोन गुण दमणला. थोड्या वेळाने सामना संपला.

उदय सर पाण्याची बाटली घेऊन उभे होते. दुर्गा त्यांच्याजवळ गेली.

"सर, उद्यापासून रातपाळी का?"

"वहिनी, ते आधीच ठरलं होतं ना." ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. "पुढच्या वर्षी बघू."

परतताना टेम्पोत नवनाथची पाठ थोपटून थोपटून लोकांनी लाल केली. "काय धरला होता! बापरे! पंचाला खेळच कळत नाही." आक्काबाईने त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. त्याने तो सोनीच्या हातात ठेवला.

दुर्गा त्याच्याशेजारी बसली होती. टेम्पोच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं पाहून ती म्हणाली, "आमचं ऐकू नाही आलं?"

"आलं ना. सोनीचं पण आलं."

"मग?"

त्याने तोंड रस्त्याकडे वळवलं.

"किती वर्षांनी कोणीतरी मगर म्हणून हाक मारली गं."

हाक मारणारी माणसं दुर्गानेच टेम्पोत घालून आणली होती. चिडायला अंगात जोर लागतो, तोही नव्हता. तिने त्याच्या पायावरची माती नखाने खरवडली, तेवढंच.

सोमवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा खोलीत अंधार होता. ताडपत्री त्याने स्वतःच बांधली होती. एक खिळा वाकला होता, तिथे सुतळी गुंडाळली होती. सोनी दाराशी गृहपाठ करत बसली होती.

"आई, हळू," ती कुजबुजली. "बाबा झोपलेत."

"जागा आहे मी," आतून नवनाथ म्हणाला. "मोठ्याने बोल."

पण सोनीने मान खाली घालून पेन्सिल चालवायला घेतली.

दुर्गाने भाकऱ्या भाजल्या, डबा भरला. तो शर्टाची बटणं लावत दाराशी आला. खाली कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला. तिने डबा पुढे केला, त्याने डब्याची कडी धरली.

"सोड ना," तो म्हणाला. "बस जाईल."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की डबा अजून आपल्याच हातात आहे. तिने तो सोडला. तो जिना उतरून गेल्यावर ती आत आली आणि दोघींपुरता भात लावला.