पंचवीस मिनिटांचा थांबा

सहलीच्या बसवर मी एकोणतीस वर्षं काढली. त्यातली सतरा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर एकच बाई बसायची, हातात माइक घेऊन. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तरी मीही ताईच म्हणायचो आणि ती मला दादा म्हणायची.

आमची सहल एका दिवसाची. सकाळी आठला जुन्या बंदराच्या वेशीतून निघायचं, दीपगृह बघायचं, जेवायचं, टेकडीवरचा पडका किल्ला, मग मिठागरं, आणि सहाच्या ठोक्याला परत वेशीत. ऑफिसात बसून हे ठोके मोजणाऱ्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणायचो. ताईला तीन परदेशी भाषा यायच्या. किल्ल्याच्या पायऱ्यांशी ती म्हणायची, "खाली थांबणाऱ्यांना मी खरा इतिहास सांगेन. वर येणाऱ्यांना त्याहून चांगला सांगेन." लोक हसायचे आणि झक मारत वर चढायचे.

दीपगृहाकडून किल्ल्याकडे जाताना एक फाटा लागतो. तिथून आत तिचं गाव. एके काळी अख्खं गाव जहाजांसाठी दोर वळायचं. मग नायलॉन आलं आणि एकेक चाक बंद पडलं. शेवटी चाललं ते फक्त तिच्या वडिलांचं. लांबलचक शेड, एका टोकाला चाक, आणि कमरेला ताग गुंडाळून उलट्या पावलांनी मागे मागे जाणारा माणूस. वडिलांना वाटायचं, एकुलती एक पोरगी, तिने हे चालवावं. ती एकोणिसाव्या वर्षी शहरात निघून आली. आई वर्षभर बोलली नाही. वडील मात्र विरघळले. बस जायच्या वेळेला ते फाट्यावर येऊन उभे राहायचे, मी दोनदा हॉर्न द्यायचो, ती खिडकीतून हात हलवायची. पुढे त्यांना फुप्फुसाचं दुखणं लागलं, फाट्यावर येणं बंद झालं. तरी मी हॉर्न द्यायचो. घरात ऐकू जातो, त्यांना बरं वाटतं, असं तिनेच सांगितलं होतं.

त्या दिवशी आम्ही दीपगृहावर होतो. बारा वाजायच्या आत रखवालदार धावत आला. गावातून फोन होता, वडिलांचं काही खरं नाही, ताबडतोब या. ताईने तिथूनच साहेबांना फोन लावला. मी शेजारी उभा होतो. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "चाळीस माणसं रस्त्यात सोडून जाणार? आत्ता मी दुसरा गाईड कुठून पैदा करू? सहानंतर जा ना, मी कुठे नाही म्हणतोय?"

याआधी दोनदा असंच बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा ती धावत गेली आणि दोन्ही वेळा वडील उशीला टेकून बसून तिलाच विचारत होते, तू का आलीस म्हणून. हे मी तिच्या बाजूने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

दोनच्या सुमारास फाटा आला. मी गाडी हळू केली, अगदी पायी चालल्यासारखी. तिच्याकडे बघितलं. ती समोर काचेतून बघत होती. म्हणाली, "चला दादा." मी गिअर टाकला. आणि हाताची सवय, दुसरं काही नाही, दोनदा हॉर्न वाजवला.

वडील चार वाजता गेले. ती पोचली साडेसातला. आईला म्हणाली, निरोप संध्याकाळी मिळाला. तिसऱ्या दिवशी दीपगृहाचा रखवालदार भेटायला आला आणि भाबडेपणाने बोलून गेला, "मी तर बाराच्या आतच कळवलं होतं हो." आईने ताईकडे एकदा बघितलं. त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ताई महिन्यातून एकदा जायची, सामान ओट्यावर ठेवायची, तासभर बसायची आणि परत यायची.

दोन वर्षांनी किल्ल्याची दरड कोसळली, वरची वाट बंद झाली. घड्याळाला दुपारची पंचवीस मिनिटं भरायला काहीतरी हवं होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं की फाट्याच्या आत एक म्हातारी अजून हाताने दोर वळते. त्यांनी ताईला विचारलं. तिने नाही म्हणून सांगितलं, कारण सांगितलं नाही. मग साहेब स्वतः गेले. म्हातारी, म्हणजे ताईची आई, लगेच हो म्हणाली.

आता बस आठवड्यातून सहा दिवस त्या शेडसमोर उभी राहू लागली. पहिल्या दिवशी मी शेडच्या दारातच थांबलो. पण म्हातारी खमकी. कमरेला ताग बांधून उलटी चालत गेली, तीन पेड जोडले, एक लहानसा दोर वळून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती आपल्या भाषेत बोलायची, ताई परदेशी भाषेत सांगायची. दोघी चार हातांवर उभ्या, आणि नजर मात्र एकदाही एकमेकींकडे नाही. तरी मला वाटलं, चला, निदान एका छपराखाली तरी आल्या.

दुसऱ्या आठवड्यात म्हातारीने हातातलं काम थांबवलं आणि लोकांना म्हणाली, "मला एक मुलगी होती. तिचा बाप मरायला टेकला होता. तिला बारा वाजता कळलं. दोन वाजता तिची बस इथून गेली. हॉर्न वाजला. तिचा बाप मला म्हणाला, 'पोरगी आली, दार उघड.' मी दार उघडलं. दोन तास तो त्या दाराकडे बघत पडला होता."

मी शेडच्या दारात उभा होतो. 

सगळे ताईकडे बघत होते, आता ही काय सांगते म्हणून. ती म्हणाली, "आजी सांगतात, ताग दोन दिवस भिजवावा लागतो. घाई केली तर दोर तुटतो." इतक्या वर्षांत मलाही त्या परदेशी लोकांची भाषा कामापुरती कळायला लागली होती. लोकांनी माना डोलावल्या. एकाने ते वहीत लिहूनही घेतलं.

मग हे रोजचंच झालं. म्हातारी ताईच्या बापाचं मरण सांगायची, ताई तागाची माहिती द्यायची. तागाबद्दल सांगण्यासारखं सगळं संपलं तेव्हा ती वाऱ्यांबद्दल सांगायला लागली, जहाजांबद्दल, गाठींबद्दल. गाडीत परत बसली की माइक मांडीवर ठेवून मिठागरं येईपर्यंत गप्प. एकदा मी म्हणालो, "ताई, साहेबांना सांगून रूट बदलून घ्या." ती म्हणाली, "दादा, एवढं तरी बोलते माझ्याशी."

दीड वर्ष असं चाललं. मग एका सहलीत एक बाई आली. पन्नाशीची, जन्म इकडचा, लहानपणी आई-बापाबरोबर परदेशी गेलेली. म्हातारीचं बोलून झालं, ताईने गाठींचे प्रकार सुरू केले, आणि ही बाई मध्येच म्हणाली, "माफ करा, पण आजी हे बोलत नाहीयेत." आणि तिने सगळ्यांना पहिल्यापासून नीट भाषांतर करून सांगितलं. निरोप, बस, हॉर्न, दार.  दोघी-तिघी डोळे पुसायला लागल्या.

त्या बाईने म्हातारीला विचारलं, "आजी, मग ती मुलगी आता कुठे असते?"

म्हातारी ताईकडे न बघता म्हणाली, "मला काय ठाऊक? असेल कुठेतरी, लोकांना फिरवत."

तेवढं एक वाक्य ताईने स्वतः सांगितलं, जसंच्या तसं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

आठवडाभरात ऑफिसात पत्रं आली. तक्रार एकच, गाईडने गोष्ट लपवली. बाकी सगळ्यांनी लिहिलं होतं की अख्ख्या सहलीत तीच एक खरी गोष्ट होती. घड्याळाने ताईला आत बोलावलं. गाडीच्या किल्ल्या द्यायला मी तिथेच गेलो होतो.

"अहो, असं सोनं दडवून ठेवता होय? थांबा चाळीस मिनिटांचा करतोय मी. गोष्ट नीट सांगायची, शब्दन्शब्द."

ताई म्हणाली, "साहेब, ती मुलगी मी आहे. आणि त्या दिवशी फोनवर तुम्ही होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते म्हणाले, "मग तर फारच छान. शेवटी तुम्ही ते सांगायचं. लोक वेडे होतील."

ती उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला शहरातल्या पायी फेरीवर टाकलं, तटबंदी आणि जुनी बाजारपेठ. माझ्या शेजारी एक नवी मुलगी आली. भाषा उत्तम, आवाज गोड, आणि गोष्ट सांगताना ऐन मोक्याला कुठे थांबायचं हे तिला बरोबर कळायचं. सहलीला आता महिनाभर आधी नाव नोंदवावं लागत होतं.

रोज सांगून सांगून म्हातारीच्या गोष्टीलाही पेड चढत गेले. वडिलांनी पोरीचं नाव घेत प्राण सोडला, असं आलं. हॉर्न दोनाचे तीन झाले. मग एक दिवस आलं की मुलीने खिडकीतून हसत हात हलवला.

त्या दिवशी लोक गाडीत बसल्यावर मी मागे राहिलो. म्हणालो, "काकू, तिने हात हलवला नव्हता. ती हसलीही नव्हती."

"तुला काय माहीत?"

"गाडी मीच चालवत होतो."

म्हातारी कमरेचा ताग सोडत होती, ती थांबली. इतके दिवस मी तिच्या दारात रोज उभा राहत होतो, पण तिने माझ्याकडे नीट पहिल्यांदाच बघितलं.

"म्हणजे हॉर्न तू दिलास?"

"हो."

"मग गाडी का नाही थांबवलीस? ती 'चला' म्हणाली असेल. तू का गेलास?"

 नवी मुलगी बाहेरून हाका मारत होती. मी गेलो आणि गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत हात हलवणं तसंच होतं, आणि ड्रायव्हरही आला होता. तोही हसत होता.

पुढच्या मोसमात एकदा ताई आली. सुट्टीच्या दिवशी, तिकीट काढून, सगळ्यात मागच्या सीटवर बसून. शेडमध्ये ती परदेशी लोकांच्या मागे उभी राहिली. म्हातारीने तिला बघितलं, मी तिची नजर बघितली. वाटलं, आज सांगणार नाही. तिने सगळं सांगितलं, एक शब्द कमी न करता. नवी मुलगी योग्य जागी थांबली. लोकांनी डोळे पुसले. मग नेहमीसारखे सगळे म्हातारीचा हात हातात घ्यायला रांगेत उभे राहिले, आणि ताईही रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली.

"आई," ती म्हणाली.

म्हातारीने तिचा हात धरला, सगळ्यांचा धरायची तेवढाच वेळ. मग तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघून म्हणाली, "या पुढे."

म्हातारी त्याच वर्षी गेली, सहली बंद असतात त्या दिवसांत. शेजारणीला सकाळी कळलं. ताई तासाभरात तिथे होती, पण ते कुणासाठी? पोचवायला आम्ही अकरा माणसं. साहेबांनी फुलं पाठवली.

मोसम सुरू व्हायच्या आधी साहेब कागद घेऊन ताईकडे गेले, शेड वापरायच्या परवानगीचा. म्हातारीचा आवाज त्यांनी आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. ताईने कागद वाचलासुद्धा नाही, सही केली. मी चिडून विचारलं, असं का केलंत. ती म्हणाली, "तिला लोक आलेले आवडायचे, दादा. मी गेल्यापासून त्या घरात कोण होतं?"

मी आणखी चार वर्षं गाडी चालवली. शेडमध्ये नवी मुलगी बटण दाबायची. मी गाडीतच बसून राहायचो, काचा लावून. फाट्यावर हॉर्न देणं मी कधीच सोडलं होतं. साहेबांनी एकदा सुचवलं होतं की दिला तर छान परिणाम होईल. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या हातून झालेलं बंड म्हणाल तर एवढंच.

आता दोघंही रिटायर. ताई जुन्या जकात कचेरीच्या मागे दोन खोल्यांत एकटी राहते. शहराबाहेर कुठे जात नाही, अगदी लग्नाकार्यालाही. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. बराच वेळ गुडघेदुखीवर बोलणं झालं. मग तिने विचारलं, "चालू आहे का अजून ते?"

"चालू आहे."

"लोक रडतात?"

"काही काही."

"बरं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.